नणंदेचं इंग्रजी

फणी म्हणजे उवा काढायची. बारीक दातांची, लाकडी. मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बनारसात सांगावं लागतं, कारण इथे फणी म्हटलं की लोक हात जोडतात. फणी म्हणजे फणावाला, म्हणजे नाग, म्हणजे थेट महादेवाच्या गळ्यातला. मी लिहिलेल्या डीबगरला मी फणी हे नाव दिलं, तेव्हा आमच्या गणन केंद्राचे संचालक इतके भारावले की प्रोग्रॅम सुरू होताच पडद्यावर टिंबाटिंबांचा नाग उभा राहील अशी सोय त्यांनी करून घेतली. मी म्हटलं, घ्या बापडे करून. नाव दिल्लीपर्यंत पोचलं की नंतर उवांचं सांगू.

डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या डोक्यातले किडे शोधणारा प्रोग्रॅम. चालत्या प्रोग्रॅमला मधेच अडवायचं, हातात काय आहे ते बघायचं, समाधान झालं की पुढे सोडायचं. आता तुम्हीच सांगा, जगात हे काम कोण करतं? नणंद! आमच्या लतिका वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, लग्न मोडून माहेरी आल्या त्या दिवसापासून ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घराच्या दारात उभ्या आहेत. "कुठे निघालीस? पिशवीत काय? कोण बरोबर आहे?" रोज. पंचगंगा घाटावर दिवा सोडायला निघाले तरी ताम्हनावरचा रुमाल उचलून बघणार. तेव्हा प्रोग्रॅमला अडवणारा जो भाग होता, त्याला हाक मारायच्या खुणेला मी नाव दिलं नणंद.

मग बाकीच्यांना का सोडा? एखाद्या किमतीवर डोळा ठेवायचा आणि ती जरा हलली की बोंब मारायची, हे काम प्रभावती जाऊबाईंचं. साखरेच्या डब्यासमोर बसून त्या हेच करतात. म्हणून ती खूण जाऊ. आणि सगळा पसारा झाल्यावर ज्याचं त्याला जागच्या जागी ठेवायचं, ते ग्वाल्हेरच्या माझ्या भावाच्या बायकोचं. ती खूण वहिनी. प्रत्येकीची फाईल वेगळी. शेजारी दोन ओळी मराठीत लिहून ठेवायचे, इंग्रजी अक्षरांत. त्या मशीन वाचत नाही, माणसासाठी असतात. आणि केंद्रात मराठी वाचणारं माणूस होतं कुठे? बायका मनातलं बोलायला कुठली ना कुठली जागा शोधतात. कुणी तुळशीपाशी बोलते, मी सी भाषेत बोलायचे. प्रोग्रॅम अडवून घेईना झाला तर पडद्यावर यायचं, "नणंद रुसली". संचालकांना वाटायचं ते लॅटिन आहे.

असं सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात एक कायम जागा मंजूर झाली. दिल्लीहून समिती येणार, फणी बघणार, आणि ज्याने फणी लिहिली त्याला ती जागा. म्हणजे मला! मी टेम्पररी होते. घरी आल्यागेल्याला सांगताना "हिचं काय, टेम्पररी आहे" असं सगळे म्हणायचे, जशी काही मला सर्दीच झाली आहे. आणि कायम माणूस आला की टेम्पररीची गरज संपते, हे संचालकांनी मला गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. जागा मिळाली नाही तर मी घरी. सकाळपासून रात्रीपर्यंत वन्संच्या राज्यात. ते मला नको होतं. 

समितीच्या पत्रात एकच अट होती. प्रोग्रॅमची लिखावट नियमाप्रमाणे, एकसारखी आणि स्वच्छ असावी. ते काम करायला पुण्याहून निमिष आला.

काय सांगू त्या मुलाबद्दल! अंगावरच्या कपड्यांना एक सुरकुती नाही. डब्यातला भात आधी चौकोनी करायचा आणि मग एका कोपऱ्यापासून खायचा. आल्या आल्या माझ्या पडद्याकडे बघून त्याने असा चेहरा केला, जणू मी देवघरात चप्पल घालून उभी आहे.

"मॅडम, तुमचा महिरपी कंस ओळीच्या शेवटी आहे."

"बरं मग?"

"तो पुढच्या ओळीवर एकटा हवा."

"का? त्याला सोयर आहे?"

"नियम आहे, मॅडम. आणि स्वल्पविरामानंतर एक जागा सोडायची. तुम्ही कुठेच सोडलेली नाही."

"अरे, पण ती चालते ना?"

"चालण्याचा प्रश्न नाही," तो म्हणाला. आणि खरंच, त्याच्या दृष्टीने तो प्रश्न नव्हताच.

हा रोग संचालकांना लागायला वेळ लागला नाही. ते मुळात शिस्तीचे भुकेले, आणि आता तर गुरूच मिळाला. आधी खुर्च्या एका रेषेत आल्या. मग परिपत्रक निघालं की चहाच्या दोन कपांमध्ये एका कपाची जागा सोडावी. मग चहाच्या रांगेत हुद्द्याप्रमाणे सरकून उभं राहायचं ठरलं, अधिकारी भिंतीला चिकटून, बाबू त्यांच्या उजवीकडे दोन पावलं, टेम्पररी चार पावलं. चार पावलांवर कूलरचं पाणी गळायचं. मी त्या डबक्यात उभी राहून चहा प्यायचे आणि मनातल्या मनात निमिषच्या सात पिढ्यांची उजळणी करायचे. पानवाल्या चौरसियाने सुद्धा विडे तिरके लावायचं सोडलं, म्हणे साहेब नाराज होतात.

त्यातच माझ्या भाच्याची मुंज निघाली. भावाचा एकुलता एक मुलगा, न जाऊन कसं चालेल? मी ग्वाल्हेरला गेले. जाताना निमिषला बजावलं, "कंस हलव, जागा सोड, हवं तर माझ्या प्रोग्रॅमला इस्त्री कर. पण आतल्या कामाला हात लावू नकोस."

"कामाला नाही लावणार, मॅडम," तो म्हणाला. आणि त्याने शब्द पाळला. त्याने नावांना हात लावला.

परत आले ती समितीच्या सकाळीच. स्टेशनवरून घरी, पिशवी टाकली, तोंड धुतलं, आणि थेट केंद्रात. तर तिथे वन्सं आणि जाऊबाई आधीच आलेल्या! हॉल भरलेला दिसावा म्हणून संचालकांनी सगळ्यांच्या घरच्यांना समोशांचं आमंत्रण दिलं होतं. टेम्पररीच्या घरच्यांना शेवटची रांग. वन्संनी मला दारातच गाठलं. इथेही दार त्यांनाच सापडलं होतं.

"गाडीला उशीर झाला का? डोळे का असे लाल? मुंजीला कोण कोण होतं? मला काही निरोप नव्हता का कुणाचा?"

"नंतर सांगते, वन्सं," म्हणत मी सटकले.

समितीचे अध्यक्ष गोल चेहऱ्याचे, वयस्कर, पानाचे शौकीन होते. पडद्यावर नाग उभा राहिला तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. की-बोर्डसमोर निमिष बसला होता, कारण माझी साडी प्रवासाची होती आणि त्याचा शर्ट पांढरा. किडे शोधायला वाचनालयाचा एक प्रोग्रॅम घेतला. फणीने त्याला अडवलं. वा! सोडलं. वा! एका किमतीवर डोळा ठेवला. वा! मग अध्यक्ष म्हणाले, "अब सब एक साथ दिखाइए."

निमिषने सगळं एकत्र लावलं. पडदा थबकला. मग इंग्रजीत अक्षरं आली, "सिस्टर-इन-लॉ रुसली आहे."

 निमिषने पुन्हा लावलं. "सिस्टर-इन-लॉने सिस्टर-इन-लॉला अडवलं आहे. सिस्टर-इन-लॉ येईपर्यंत थांबा."

"ये किसकी सिस्टर-इन-लॉ है भई?" अध्यक्षांनी विचारलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. मी शेवटच्या रांगेतून ओरडले, "अरे मेल्या, तिघींना एक केलंस!"

"नावं इंग्रजीच हवीत असा नियम आहे, मॅडम," निमिष उभा राहून म्हणाला. तो रडकुंडीला आला होता. "नणंद, जाऊ, वहिनी. इंग्रजीत तिघींना शब्द एकच आहे. मी काय करू? एकेकटीला तपासलं तेव्हा तिघी नीट वागल्या."

वागणारच! एकेकटी सगळ्याच नीट वागतात. पण मशीन बिचारं काय करणार? तीन फायलींत त्याला एकाच नावाच्या तिघी दिसल्या. ही एकच बाई आहे असं समजून त्याने तिघींचा संसार एका खोलीत मांडला. आता अडवणारी तीच, डोळा ठेवणारी तीच, आवरणारी तीच. स्वतःच पसारा घालायची, स्वतःच आवरायची आणि कुणी हात लावला म्हणून स्वतःवरच बोंब मारायची. माणूससुद्धा रुसलं असतं.

मी पुढे गेले, निमिषला कोपराने बाजूला सारलं आणि बसले. या फाईलमध्ये नणंद, त्या फाईलमध्ये जाऊ, तिसरीत वहिनी. ज्यांची नावं त्यांना दिली. पुन्हा चालवलं तर फणी अशी सरसर निघाली की अध्यक्षांनी पान चघळायचं थांबवलं. वाचनालयाच्या प्रोग्रॅममधला, कुणालाच माहीत नसलेला एक किडासुद्धा तिने काढून दाखवला. माझं ऊर भरून आलं. वाटलं, झालं! मिळाली जागा!

"बहुत बढ़िया," अध्यक्ष म्हणाले. "लिखा किसने है?"

मी तोंड उघडणार, तोच संचालकांनी हात लांब करून फाईलचा वरचा भाग पडद्यावर आणला. तिथे नियमाप्रमाणे चौकट काढलेली होती आणि चौकटीत लेखक म्हणून निमिषचं नाव होतं. पुढच्या फाईलमध्येही तेच. सगळ्या फायलींमध्ये तेच. वर नाग, खाली हे नाव. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो डोळ्यांनी बघायला मिळाला.

"ते... चौकट भरणाऱ्या प्रोग्रॅमने आपोआप..." निमिष पुटपुटला. कानापर्यंत लाल झाला होता. पण मग त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या कोऱ्या नेमणूकपत्राकडे पाहिलं, आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. कायम जागा हा शब्दच तसा आहे, भल्याभल्यांच्या तोंडाला कुलूप लावतो.

"ही माझी आहे," मी म्हणाले. "अक्षर न् अक्षर माझं आहे. जुन्या प्रोग्रॅमची टेप काढा, बघा."

"जूठन रखते नहीं," संचालक शांतपणे म्हणाले. "सफ़ाई के बाद पुरानी टेप पोंछ दी. कालिंदीजी, आपने मेहनत की है, मानते हैं. पर काग़ज़ पर तो लड़के का नाम है. और लड़का अनुशासित है."

 मला रडू येत होतं आणि या लोकांसमोर रडायचं नव्हतं. अध्यक्ष मात्र पडद्यावर खाली खाली सरकत होते. निमिषने नावं बदलली होती, पण शेजारच्या माझ्या मराठी ओळी हाताने बदलायच्या म्हणून शेवटी ठेवल्या होत्या, त्या राहिल्या होत्या. अध्यक्ष एका ओळीवर थांबले.

"नणंद. ये ननद है क्या?" त्यांनी निमिषकडे मान वळवली. "बेटा, आपकी शादी हुई है?"

"नाही... नहीं सर."

"हुई भी होती, तो मर्द की ननद कहाँ से आई?"

पहिली रांग हसली, मग दुसरी. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अहो, किती साधी गोष्ट! सिस्टर-इन-लॉ कुणाचीही असते, राजाची, रंकाची, पुण्याच्या बिनलग्नाच्या पोराचीही. नणंद फक्त बाईची असते. बाईने लिहिल्याची ती सही होती, आणि साफसफाईत आधी तीच पुसली गेली होती.

पण संचालक असे हार जाणारे नव्हते. "सर, ये तो कल्पना है. लिखनेवाले कल्पना करते ही हैं. ये ननद असली है, इसका क्या सबूत?"

"देख लेते हैं," अध्यक्ष म्हणाले, आणि अर्थ कळत नसताना, अडखळत, खड्या आवाजात ती ओळ वाचू लागले.

मी काय लिहिलं होतं ते मला आठवलं.

"नणंद. दारात उभी. विचारल्याशिवाय कुणाला सोडत नाही. स्वतःला कुठे जायचं नाही, म्हणून दुसऱ्याला जाऊ देत नाही."

हॉलमध्ये मराठी समजणारी आम्ही चौघंच होतो. निमिषने डोळे मिटले. मागे जाऊबाईंना समोशाचा ठसका लागला, आणि तो हसण्याचा ठसका होता हे मला न बघता कळलं. मागे वळायची माझी छाती झाली नाही.

"कालिंदीजी, ये ननद अगर असली है, तो बुलाइए. वो पहचान ले कि उसी की बात है, तो बात ख़तम," अध्यक्ष म्हणाले.

 हाक मारायची तरी कुठल्या तोंडाने? वन्सं, या, आणि मी तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते तुमचंच आहे असं सगळ्यांसमोर कबूल करा? एक क्षण वाटलं, जाऊ दे ती जागा. दुसऱ्या क्षणी वाटलं, नाही, का जाऊ देऊ? आणि स्वतःचीच इतकी लाज वाटली की बस्स.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वन्सं रांगेतून बाहेर आल्या. पदर खोचलेला, चाल नेहमीचीच, दारात येतात तशी.

"मैं हूँ ननद," त्या म्हणाल्या. "पूछिए."

"इसमें क्या लिखा है, आप बताएँगी?"

वन्संनी पडद्याकडे पाहिलंही नाही. "लिखा है, दरवाज़े पर खड़ी रहती है. बिना पूछे किसी को जाने नहीं देती."

"और? एक लाइन और है."

 वन्संनी तिथेच सोडलं असतं तरी चाललं असतं, कुणाला काय कळणार होतं? पण आमच्या वन्सं अर्धवट काही करत नाहीत.

"और लिखा है, ख़ुद को कहीं जाना नहीं है, इसलिए दूसरों को जाने नहीं देती."

आता कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. "तो ये आप ही हैं?"

"हम ही हैं," वन्सं म्हणाल्या. आवाज जरासा फाटला आणि मग चढला. "रोज़ पूछती हूँ इससे, कहाँ चली. इसने कभी ठीक से जवाब नहीं दिया, यहाँ लिख दिया. घर की बात घर का आदमी जानता है, साहब. ये पूना का लड़का मुझे क्या जाने? मैंने तो इसे आज देखा."

निमिष उठला. "मॅडमनीच लिहिलंय, सर," तो मराठीतच म्हणाला, आणि खाली बसला. अध्यक्षांना मराठी समजलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी पेन काढलं आणि कोऱ्या नेमणूकपत्रावर माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव विचारून लिहिलं. संचालकांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली, हेही सांगायला हवं.

"बस, एक बात," अध्यक्ष जाता जाता म्हणाले. "काम साफ़ है, नाम भी रहने दीजिए. पर ये घर की बातें हटा दीजिए. अच्छी नहीं लगतीं."

लोक समोशांकडे वळले. मी की-बोर्डसमोर बसले. जागा मिळाली होती, आणि मला काडीचा आनंद होत नव्हता. ती ओळ शोधली, शेवटावर आले आणि खोडायला बोट ठेवलं.

"काय करतेस?" वन्सं मागे उभ्या होत्या.

"खोडते, वन्सं. चुकलं माझं. रागात लिहिलं होतं."

"थांब."

मी थांबले. त्यांनी वाकून पडद्यावरची ती ओळ वाचली, इंग्रजी अक्षरं जुळवत, ओठ हलवत. वास्तविक त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

"खोडू नकोस," त्या म्हणाल्या. "चूक आहे तेवढी नीट कर."

"कुठली चूक?"

"कुठे जायचं नाही, असं लिहिलंयस. तसं नाहीये ते." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "कुणी बोलावत नाही, असं लिही."

मला की-बोर्ड दिसेना. मी पदराने डोळे पुसले आणि तसं लिहिलं. एकेक अक्षर पडत होतं तसं वन्सं ते वाचत होत्या, आणि शेवटचं पडल्यावर म्हणाल्या, "हं. आता बरोबर आहे."